पुण्यात इलेक्ट्रॉलिसिससाठी योग्य हात कसा शोधावा

वीस वर्षं माझी सकाळ गॅलरीत सुरू व्हायची. कोथरूडच्या आमच्या घरात बाथरूमचा दिवा पिवळट, म्हणून छोटा आरसा आणि चिमटा घेऊन मी उजेडाकडे तोंड करून उभी राहायची आणि हनुवटीवरचे केस एकेक करून उपटायची. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कोणीच नव्हतं. आई तेवढी डाळीचं पीठ आणि हळद पुढे करायची. १९व्या वर्षी सुरू झालेलं हे सगळं ३१व्या वर्षी मी लेझरपर्यंत नेलं आणि काही वर्षांनी इलेक्ट्रॉलिसिसपर्यंत, म्हणजे बारीक सुईने वीज देऊन एकेका केसाचं मूळ मारण्यापर्यंत.

इलेक्ट्रॉलिसिसची पहिली जागा चुकली. वरच्या ओठावर तिथले दोन बारीक खड्डे आजही आहेत. दुसरी जागा बरोबर निघाली आणि हनुवटी मोकळी झाली. दोन्हीकडची मशीन जवळजवळ सारखीच होती. म्हणून हा लेख मशीनपेक्षा ते चालवणाऱ्या हाताबद्दल जास्त आहे. तो हात कुठे शोधायचा, पहिल्या पंधरा मिनिटांत कसा ओळखायचा आणि कधी सोडायचा, ते मला जसं कळत गेलं तसं लिहिते आहे.

आधी डॉक्टर, मग सुई

हनुवटी, जबड्याची कड, गळा आणि वरचा ओठ इथे जाड, काळे केस येत असतील तर त्यामागे बहुतेक वेळा अँड्रोजन, म्हणजे ‘पुरुषी’ म्हणतात ते हॉर्मोन असतात, आणि सगळ्यात नेहमीचं कारण पीसीओएस, म्हणजे हॉर्मोन बिघडवणारा अंडाशयाचा विकार. पाळी लांबत असेल, मुरुमं जात नसतील, मानेच्या मागे त्वचा काळवंडली असेल तर शंका आणखी पक्की होते. इलेक्ट्रॉलिसिस आज असलेला केस मुळापासून मारतं. पण शरीरात हॉर्मोन तसेच राहिले तर शेजारची बारीक लव जाड केसात बदलत राहते. मग दोष सुई चालवणाऱ्या बाईच्या माथी येतो आणि पैसे आपले जातात.

त्वचारोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हॉर्मोनचे डॉक्टर) यांपैकी कोणाकडेही सुरुवात करता येते. साधारणपणे टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-एस, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनच्या रक्ततपासण्या आणि गरज वाटली तर पोटाची सोनोग्राफी सांगतात. पाळी येत असेल तर यातल्या काही तपासण्या पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी करायच्या असतात. लॅबमध्ये जाण्याआधी हे विचारून घ्या, नाहीतर पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. डॉक्टर शरीराच्या नऊ भागांवरच्या केसांना शून्य ते चार गुण देताना दिसले तर दचकू नका, ती फेरिमन-गॅलवे मोजणी आहे. गोळ्या सुरू झाल्या तर केसांवरचा परिणाम दिसायला सहा महिने धरा. या काळात इलेक्ट्रॉलिसिस सुरू ठेवायला हरकत नसते. दोन्ही एकदम चाललेलं उलट बरं.

केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले असतील, आवाज घोगरा होत असेल, टाळू विरळ होत असेल तर मात्र इलेक्ट्रॉलिसिसचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. क्वचित का होईना, यामागे अंडाशय किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ असू शकते.

खासगी फी परवडत नसेल तर ससूनची त्वचारोग ओपीडी आहे. धनकवडीचं भारती आणि पिंपरीचं डी. वाय. पाटील या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही त्वचाविभाग आहेत. तिथे इलेक्ट्रॉलिसिस होवो न होवो, निदान तरी नीट होतं.

लेझर कुठे संपतं

इलेक्ट्रॉलिसिस विचारलं की पुण्यातल्या दहांतल्या आठ ठिकाणी लेझरचं पॅकेज पुढे येतं. लेझर वाईट नाही. जाड, काळे, दाट केस असतील तर तेच आधी करावं, कारण इलेक्ट्रॉलिसिस एकेका केसाचं काम आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात.

पण लेझर केसातल्या काळ्या रंगावर चालतं. पांढरा, भुरा किंवा बारीक केस त्याला सापडत नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन लेझरला ‘कायमची घट’ म्हणतं, केस कायमचे काढण्याचा दावा फक्त इलेक्ट्रॉलिसिसला लागू करतं. दुसरी गोष्ट मी स्वतः भोगली आहे. चेहऱ्यावरच्या लवेवर लेझर मारलं की काही जणींची लव उलट जाड आणि काळी होऊन येते. माझ्या कानाखालच्या कडेला तसंच झालं. दक्षिण आशियाई त्वचेत आणि हॉर्मोनचा त्रास असलेल्या बायकांत याची शक्यता जास्त असते. म्हणून गालावरच्या मऊ लवेवर लेझर सुचवणाऱ्याला दोनदा विचारा.

दाढीसारखे दाट केस असलेल्या ट्रान्स मैत्रिणींसाठीही हाच क्रम सोयीचा ठरतो: आधी लेझरने काळे केस विरळ करायचे, मग उरलेले आणि पांढरे केस सुईने.

सुई आत जाऊन करते काय

एवढं माहीत असलं की समोरच्याला प्रश्न विचारता येतात. १८७५च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुईस इथे चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञाने आत वळलेल्या, डोळ्याला टोचणाऱ्या पापणीच्या केसांवर हा उपाय वापरला. तिथून तो चेहऱ्यावर आला. केस ज्या रोमकूपातून उगवतो त्यातच, केसाच्या कडेने, केसाइतकीच बारीक सुई सरकवायची आणि मुळाशी वीज द्यायची, एवढंच तत्त्व.

पद्धती तीन. गॅल्व्हॅनिकमध्ये एकदिश वीज रोमकूपातल्या मीठ-पाण्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा तयार करते आणि तो मूळ जाळतो. हे खात्रीचं पण हळू, एका केसाला मिनिटभर किंवा जास्तही लागतं. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारतेची वीज उष्णता निर्माण करते, काम सेकंदात होतं. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र. उपटून उपटून रोमकूप वाकडा झालेल्या हनुवटीला ब्लेंड बरं पडतं, कारण कॉस्टिक वळणातूनही मुळापर्यंत पोचतो. माझी हनुवटी ब्लेंडने झाली. गॅल्व्हॅनिक आणि ब्लेंडमध्ये तुमच्या हातात ओल्या कापडात गुंडाळलेली धातूची दांडी देतात. सुई ऋण टोकाला आणि ती दांडी धन टोकाला जोडलेली असते. उलट जोडणी झाली तर त्वचेत काळा ठिपका गोंदल्यासारखा बसू शकतो. ‘तुमची सुई कुठल्या टोकाला जोडलेली असते?’ या प्रश्नावर उत्तर क्षणात यायला हवं.

‘सुईविना इलेक्ट्रॉलिसिस’ म्हणून चिमट्याने केस धरून त्यातून वीज सोडणारी यंत्रंही विकली जातात. केस विजेचा वाहक म्हणून जवळजवळ निकामी आहे. त्यावर पैसे घालवू नका.

फोन कुठे आणि काय विचारायला करायचा

आपल्याकडे इलेक्ट्रॉलिसिस करण्यासाठी वेगळा सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे पाटीवर काहीही लिहिलेलं असू शकतं. डॉक्टर असतील तर एमडी किंवा डीएनबी त्वचारोग, किंवा डीडीव्ही ही पदवी बघा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढंच लिहिलं असेल तर मूळ पदवी कोणती ते विचारायला लाजू नका. ब्यूटिशियन असेल तर भिंतीवरच्या डिप्लोमापेक्षा त्यात इलेक्ट्रॉलिसिसचे प्रत्यक्ष तास किती होते हे महत्त्वाचं. डॉक्टरच हवा असा माझा हट्ट नाही. माझं काम ज्यांनी नीट केलं त्या डॉक्टर नाहीत. त्या रोज कित्येक तास हेच एक काम करतात. अनेक दवाखान्यांत पाटी डॉक्टरांची असते आणि सुई दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या असिस्टंटच्या हातात असते.

नावं कुठून मिळवायची? स्वतःच्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारा की त्या स्वतःच्या बहिणीला कुठे पाठवतील. कोड असलेल्या किंवा पांढरे केस आलेल्या बायकांना विचारा, लेझर चालत नसल्याने त्यांनी शोध आधीच घेतलेला असतो. ट्रान्स समुदायात ही माहिती सगळ्यात ताजी असते, कारण दाढीसाठी त्यांचे शेकडो तास त्या खुर्चीत गेलेले असतात. डेक्कन, कर्वे रोड, औंध, कॅम्प असा सगळा परिसर पालथा घालण्याची तयारी ठेवा. पण दर आठवड्याला जायचं आहे हेही लक्षात ठेवा. मेट्रो किंवा बसच्या एका टप्प्यातली बरी जागा ही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या उत्तम जागेपेक्षा शेवटी जास्त कामाला येते, कारण तिथे खाडे होत नाहीत.

फोनवर मी हे विचारते: सुई कोण चालवतं, त्या व्यक्तीला किती वर्षं झाली, आठवड्यात इलेक्ट्रॉलिसिसचे किती तास होतात, कोणती पद्धत, सुई प्रत्येकीला नवी का, आणि पंधरा मिनिटांची चाचणी मिळेल का. ‘मॅडम, लेझर घ्या ना, इलेक्ट्रॉलिसिस आता जुनं झालं’ असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. ‘सहा सिटिंगमध्ये सगळं साफ’ हे ऐकलं तरीही. चेहऱ्याच्या हॉर्मोनल केसांना साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं, सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग अंतर वाढवत. केस वाढीच्या, उताराच्या आणि विश्रांतीच्या टप्प्यांतून जातात. आज दिसतात तेवढेच केस तुमच्याकडे आहेत असं नसतं.

खोलीत शिरल्यावर

बघायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांत तडजोड नको. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि काम झाल्यावर भोक न पडणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. दवाखान्यांसाठी २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत सुयांसाठी पांढरा, अर्धपारदर्शक डबा सांगितला आहे. तो खोलीत कुठे आहे ते पाहा. ‘आम्ही स्पिरिटने पुसतो’ हे उत्तर ऐकून मी एकदा पर्स उचलून निघून आले. हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहतो आणि स्पिरिटने सुई निर्जंतुक होत नाही. चिमटा पुन्हा वापरतात, पण तो ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून निघालेला हवा. हातमोजे नवे हवेत. मोबाइल उचलून पुन्हा त्याच हातमोज्यांनी चेहऱ्याला हात लावला तर टोका.

चेहऱ्यावर प्रखर दिवा आणि डोळ्यांवर भिंग हवंच. भिंगाशिवाय रोमकूपाचं तोंड आणि केसाचा कल दिसत नाही.

त्यांनीही तुम्हाला प्रश्न विचारायला हवेत: पेसमेकर आहे का, गरोदर आहात का, मधुमेह, धातूचं इम्प्लांट, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेता का, ओठावर तापाचे फोड येतात का, जखमेचे व्रण जाड होतात का. पेसमेकर असेल तर इलेक्ट्रॉलिसिस नको. बाकीच्या गोष्टींत डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. यांतलं काहीच न विचारता थेट पलंगावर झोपायला सांगितलं, तर त्या व्यक्तीला ते माहीतच नाही असं समजा. माझ्या पहिल्या जागी एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. तेव्हा मला ते सोपं आणि छान वाटलं होतं.

पंधरा मिनिटांची चाचणी

सगळ्या शोधातलं हे मुख्य काम. पॅकेज न घेता फक्त पंधरा मिनिटं घ्या, आणि जागा हनुवटीखालची निवडा, वरचा ओठ नको. ओठावरची त्वचा नाजूक, चूक झाली की जन्मभर दिसते. चाचणीच्या तीन-चार दिवस आधी एकदा रेझर फिरवा आणि मग केसांना हात लावू नका. त्यानंतर जे वर दिसतील ते वाढीच्या टप्प्यातले असतील आणि त्यांच्यावरच काम सगळ्यात चांगलं होतं. रेझरने केस दाट होतात ही समजूत डोक्यातून काढा. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते जाड लागतं, मुळाशी काही बदलत नाही.

आता डोळे मिटून लक्ष द्या. सुई आत जाताना टोचणं जाणवता कामा नये, कारण ती असलेल्याच वाटेने सरकते. टोचलं, अडलं, रक्ताचा थेंब आला तर ती रोमकूप सोडून मांसात शिरली आहे. मग वीज येते. ती जाणवते, चटका किंवा मुंगी चावल्यासारखी, आणि ते सहन होण्याइतकं असायला हवं. त्यानंतर चिमट्याने केस धरला की तो ओढ न लागता, लोण्यातून निघावा तसा निघाला पाहिजे. उपटल्याची ती ओळखीची कळ प्रत्येक केसाला येत असेल तर मूळ मेलेलं नाही. तुम्ही पैसे देऊन चिमट्याचंच काम करून घेत आहात. एखाद-दुसरा केस ओढला जाणं वेगळं. पहिल्या ठिकाणी माझे सगळेच केस ओढून निघत होते आणि मी ‘होईल सवय’ म्हणत सात महिने गेले.

त्या व्यक्तीचं बोलणंही ऐका. चांगला हात सुरुवातीला कमी वीज लावतो, केस सुटतो का बघतो, मग थोडी वाढवतो. मधे थांबून ‘दुखतंय का? जास्त वाटतंय का?’ असं विचारतो. त्वचेवर पांढरा डाग उमटला, चट् असा आवाज आला, तर वीज वरच्या थरात सांडते आहे. तेव्हाच सांगा. वरच्या ओठावर काम करताना लागून-लागून सगळे केस एकाच बैठकीत काढणाऱ्यांपासून सावध राहा, मधे अंतर सोडतात ते शहाणे. थर्मोलिसिससाठी टोक सोडून बाकी वेष्टन असलेली सुई वापरतात का, हेही विचारा. सावळ्या त्वचेवर वरचा थर वाचवायला त्याचा उपयोग होतो.

घरी आल्यावर लालसरपणा आणि मोहरीएवढे फुगवटे काही तास, फार तर एक-दोन दिवस राहतील. टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या आल्या तर आठवड्याभरात आपोआप पडतात, नखाने काढायच्या नाहीत. त्याच खिडकीत, त्याच वेळी, पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी फोटो काढा. आपल्या त्वचेला डाग धरायची सवय आहे. हलके तपकिरी डाग काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत फिकट होतात. पण एकविसाव्या दिवशी बोट फिरवून खळगा लागला, तर त्या जागी पुन्हा जायचं नाही. खळगा भरून येत नाही. तीन आठवडे थांबणं अवघड असतं, मला माहीत आहे. लग्न ठरलेलं असतं, घरचे मागे लागलेले असतात. तरीही थांबा.

चाचण्या दोन-तीन ठिकाणी, हनुवटीच्या वेगवेगळ्या भागांत घेतल्या तर तुलना सोपी जाते. मी दुसऱ्या वेळी तीन ठिकाणी घेतल्या.

पैशांचं

दर केसावर नको, सिटिंगवरही नको. मिनिटावर विचारा. ‘एक सिटिंग’ म्हणजे एकीकडे दहा मिनिटं आणि दुसरीकडे चाळीस असतात. तीस मिनिटांचे किती, आणि त्यात क्रीम लावून थांबायचा वेळ धरला आहे का, ते स्पष्ट करून घ्या. वर्षभराचं आगाऊ पॅकेज, कितीही सवलत असली तरी, मी घेणार नाही. हात बदलला, ती बाई नोकरी सोडून गेली, त्वचेने साथ दिली नाही, तर पैसे परत मागायची भांडणं करत बसावं लागतं. चार-पाच सिटिंगचे देणं ठीक.

दुखण्यासाठी लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम मिळतं. ते तासभर आधी लावून वर प्लास्टिकची पट्टी लावतात. पहिल्या वेळी डॉक्टरांना विचारून थोड्या भागावरच लावा. चाचणीच्या दिवशी मात्र लावू नका, नाहीतर टोचणं आणि ओढ कळणारच नाही.

स्कार्फ, हेल्मेट आणि ऊन

पुण्यातल्या बायकांसाठी हे वेगळं लिहायला हवं. काम झाल्यावर रोमकूपांची तोंडं उघडी असतात आणि आपण लगेच धुळकट स्कार्फ गच्च गुंडाळून टू-व्हीलरवर बसतो. वर हेल्मेटचा पट्टा नेमका हनुवटीवर. त्या दिवशी शक्यतो रिक्षा किंवा मेट्रोने जा. गाडीच हवी असेल तर धुतलेला मऊ सुती स्कार्फ सैल बांधा आणि पट्ट्याखाली घडी करून ठेवा. चोवीस तास मेकअप, साबण, व्यायामाचा घाम आणि गरम वाफ टाळा. एप्रिल-मेच्या उन्हात सनस्क्रीन न लावता बाहेर पडलात तर डाग तिथेच मुक्काम करतील. मी वेळ संध्याकाळची घेते, उन्हं उतरल्यावर घरी येता येतं.

दोन सिटिंगच्या मधे थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा सगळं बंद. केस मुळासकट निघाला की सुईला वाट दाखवणारं काही उरत नाही. कात्री किंवा रेझर चालतो. हे पाळणं मला सगळ्यात जड गेलं. आरशासमोरचा तो हात वीस वर्षांचा होता. शेवटी मी चिमटा नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत ठेवायला दिला.

कधी सोडायचं

तीन महिन्यांनी एक हिशोब करा. सुरुवातीला अर्ध्या तासात जेवढा भाग मोकळा व्हायचा त्यापेक्षा आता जास्त होतो का? उगवणारे केस बारीक झाले का? दोन्हीचं उत्तर नाही आलं तर आधी हॉर्मोनच्या तपासण्या पुन्हा बघा. त्या ठीक असतील तर पद्धत बदलायला सांगा. ‘तुमची स्किनच तशी आहे’ एवढंच ऐकायला मिळालं तर जागा बदला. खड्डा, पू, पसरणारा लालसरपणा किंवा फोड दिसला तर त्यांच्याकडे नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं, आणि त्याच दिवशी.

माझ्या हनुवटीला सोळा महिने लागले. आता वर्षातून तीन-चार वेळा दहा मिनिटांची वेळ घेते. वयाप्रमाणे नवे केस येतात, हल्ली पांढरेही. त्या बाई भिंग डोळ्यांवर ओढतात, दिवा वळवतात आणि पहिल्या केसाआधी आजही विचारतात, ‘ताई, मधे काही नवीन औषध सुरू केलंत का?’